श्रिंकेजची पट्टी

उद्यमनगरातलं दुकान बापूसो मेस्त्रींनी विकलं.
लेथ गेली गोकुळ शिरगावला, बँडसॉ भंगारात,
आणि चाळीस वर्षांचे लाकडी पॅटर्न
पाडव्याच्या आत शेजाऱ्यांच्या बंबात जळाले.

उरली ती वेबसाईट.
पोरानं हौसेनं बांधून दिलेली, होसूरला जायच्या आधी.
भाडं थकलेलं. महिनाअखेर ती बंद पडणार.
"तेवढी खिशात घालून दे मला," म्हणाले,
"बिलाबिगर, नेटाबिगर उघडंल अशी."

मी पानाचा सोर्स उघडला आणि मोजत बसले
हे कुणाकुणाकडून उसनं मागतं:
फोटो एका दारातून, रंगरूप दुसऱ्या,
अक्षरांचा टाईप थेट समुद्रापलीकडून,
नकाशा तर दर खेपेला नव्यानं.
लग्नघर जसं: पातेली एकाची, गाद्या दुसऱ्याच्या,
नवरी तेवढी घरची.
इथं तर नवरीचाही नुसता पत्ता.

मग एकेक आत ओढून घेतलं.
पंपाच्या इम्पेलरचा फोटो, त्याची केली अक्षरं.
ना शब्द, ना विराम, पानंच्या पानं गिचमीड;
वाचायला जावं तर जीभ वळत नाही,
आणि ब्राउझरला त्याच गिचमिडीत
सागवानाच्या रेषांसकट सगळी पाती दिसतात.

बापूसो स्टुलावर, चष्म्याच्या काडीला दोरा.
"वजन वाढालंय की गं."
"वाढणारच. आत घेताना तीन भागांचे चार होतात."
वाटलं, नाराज होतील.
त्यांनी पिशवीतून एक पट्टी काढली,
पितळी टोकांची, मधले आकडे अंगठ्यानं पुसलेले,
जिच्यावरचा फूट फुटापेक्षा मोठा.
"श्रिंकेजची हाय. लोखंड थंड झालं की आकसतंय,
म्हणून लाकूड आधीच वाढीव धरायचं.
मापात केलं, तर मापात येत न्हाई."

माझ्या ड्रॉवरमधल्या शाळेच्या पट्टीशी मी ती लावून बघितली.
दोन्ही बारा म्हणत होत्या.
टोकं जुळत नव्हती.

नकाशा मात्र आत येईना.
तो परक्याचा, हलता, सारखा विचारून येणारा.
तेव्हा माझ्या वीजबिलाच्या पाठीवर
सुतारी पेन्सिलीनं त्यांनीच काढला:
पोवारनगराकडचा रस्ता, चहाचा गाडा, ओतशाळेची चिमणी,
आणि दुकानाच्या जागी फुली नाही, एक पोकळ गोल.
"हितं कोअर बसतोय, असं समज."
तोही आत घेतला, बिलावरच्या चहाच्या डागासकट.

एकच फाईल झाली. पेनड्राइव्ह
त्यांनी चष्म्याच्या डबीत ठेवला, मोबाईलमध्येही घालून घेतली.

मेच्या शेवटी लेकीच्या गावाहून आले,
साळवणच्याही आत, जिथं रेंज हवी तर
फणसाखालच्या दगडावर उभं राहावं लागतं.
"उघडलं," म्हणाले. "नातीनं बोटानं मोठं करून पाती मोजली.
मी सांगायच्या आधी सहा म्हणाली."
मग जरा थांबून, "एक चौकोन पांढरा आला."

कुठला ते मला लगेच कळलं.
विक्रांत, बँडसॉपाशी, केसांत भुसा.
तो फोटो त्याच्या स्वतःच्या खात्यावरून येत होता.
माझ्या टेबलाशी नेट चालू, म्हणून तो दिसत राहिला,
आणि दिसतोय म्हणजे आत आहे, असं मी धरून चालले.

"द्या, आत्ता बसवते."
"ऱ्हाऊ दे.
ब्लोहोल हाय त्यो. वर दिसतंय त्ये बरं.
आत दडलेलं ऱ्हायलं, की जॉब चालता चालता तुटतोय."

डबी मिटली. बिलाचा कागद मागून घेतला,
पेन्सिल जिभेला लावली
आणि चहाचा गाडा खोडून
रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला काढला.
"त्येनं जागा बदलली परवा," म्हणाले.